एकोणिसाव्या फेऱ्याला स्टेपनी टेकते

तुमच्या गाडीची स्टेपनी तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? ती आहे, हे माहीत असणं वेगळं. मी विचारते आहे, ती स्वतः खाली उतरवून, हात लावून, हवा दाबून कधी पाहिलीत?

हबीबचाचा, हा प्रश्न माझा नाही. तुमचा आहे. तुम्ही चालवायचात त्या आपल्या पत्रकांच्या गाडीत नवा माणूस बसायला आला की त्याच्यासाठी दार उघडण्याआधी तुम्ही हेच विचारायचात. तो वकील असो, कॉलेजचा विद्यार्थी असो, की बाहेरगावाहून भाषणाला आलेला मोठा माणूस असो. त्यानं हसून विषय टाळला की तुम्ही त्याला गाडीच्या मागं न्यायचात, सीटखालची लांब सळई काढून त्याच्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "पैले उतारो, फिर बैठो."

ज्यांना आपली गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही गाडी जुनी आहे, मोठी आहे, वीस वर्षं पत्रकं वाहून तिचा पांढरा रंग पिवळा पडला आहे. अशा गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर नसते आणि आतही नसते. ती गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, साखळीला आडवी टांगलेली असते. वरून दिसत नाही. बंपरच्या वर अंगठा जाईल एवढं एक भोक असतं. त्यातून सळई आत सरकवायची, तिचं टोक आतल्या खाचेत बसवायचं आणि डावीकडं फिरवत राहायचं. खाच डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळते. साखळी सुटत जाते, चाक हळूहळू जमिनीकडं येतं. टेकलं की साखळी ढिली पडते, तिच्या टोकाची लोखंडी चकती तिरपी करून चाकाच्या मधल्या भोकातून काढायची आणि चाक बाहेर ओढायचं. काम एवढंच. पण ज्यानं एकदाही केलं नाही त्याला रस्त्यावर उभं राहून ते भोकसुद्धा सापडत नाही. तुम्ही म्हणायचात, "जे गाडीच्या अंगावर लिहिलंय ते समदे वाचतात. खाली काय टांगलंय ते कुणी बघत नाय."

सगळ्यांनी उतरवली. बालवाडीतून निवृत्त झालेल्या सुमनताईंनी पदर खोचून उतरवली. फक्त मी नाही. मी छापखानेवाल्यांची मुलगी. शाळेच्या दप्तरासकट या गाडीत बसत आले, त्यामुळं नवी कधी नव्हतेच. आणि मोठी झाल्यावर तुम्ही सळई पुढं केलीत तेव्हा मी तत्त्वाचा मुद्दा काढला. प्रत्येकानं प्रत्येक काम करायचं म्हटलं तर कुठलंच काम नीट होत नाही, मी लिहिते, तुम्ही गाडी सांभाळता, दोन्ही कामं सारखी.

"सारखी ना?" तुम्ही म्हणालात. "मग कधी बदलून घेऊ. तू स्टेपनी उतरव, मी पत्रक लिहितो."

"लिहा की."

"लिहिलं असतं. पण माझं पत्रक एका ओळीचं होईल, तुझ्या बाबांना कागद वाया गेल्यासारखं वाटेल."

त्याच महिन्यात मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर चार पानी पत्रक लिहिलं होतं. ते तुम्ही पुढच्या काचेखाली ठेवलंत आणि महिनाभर मला चिडवलंत. "लेखिकाबाई, प्रतिष्ठा छापून झाली, आता जरा हात काळे करा." मी शाईनं माखलेले हात दाखवायचे. तुम्ही वंगणानं माखलेले दाखवायचात. दोघांचे काळेच. तो वाद तिथंच थांबायचा, संपायचा नाही.

आज तो एकटीनं चालवते आहे. म्हणून हे लिहिणं.

पत्र्याची गोष्ट मला आधी सांगायला हवी, कारण ती माझी चूक आहे आणि चूक झाकून श्रद्धांजली लिहायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी एक पत्रा रंगवला. आपल्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी जे छापलेलं असतं तेच त्यावर लिहिलं: वाचा. पुढं द्या. पिवळ्यावर काळं, वीतभर उंच अक्षर. तो मागच्या दाराखाली, बंपरच्या वर लावायचा होता, म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो वाचावाच लागेल. तुम्ही तो धरून पाहिलात आणि बोट ठेवलंत. स्टेपनीचं भोक बरोबर "वाचा"तल्या च च्या पोटामागं येत होतं.

"इथं भोक पाड बेटा. सळई जाईल एवढंच."

"अक्षराला भोक पाडायचं नाही, चाचा."

"मग वर सरकव."

"वर नंबर झाकला जातो."

"मग नटबोल्ट लाव. रिबिटा नक्को मारू. काढता तरी येईल."

"नटबोल्ट लावले तर कुणीही काढून नेईल."

तुम्ही हसलात. "पत्रक कुणी चोरलं तर चांगलंच की. पुढं गेलं."

मी हसले नाही. आमच्या घरात अक्षर पायाखाली आलं तर उचलून कपाळाला लावतात. बाबांनी छपाईच्या अक्षराचा तुटलेला खिळा कधी कचऱ्यात टाकला नाही, डबीत ठेवला. त्या घरात वाढलेल्या मुलीनं अक्षराच्या पोटात भोक पाडायचं? दुसऱ्या दिवशी मी चार रिबिटा मारल्या. तुम्ही शांतपणे बघत होतात. मग म्हणालात, "ठीक आहे. तू मारल्यास, तूच काढशील. मी हात लावणार नाही."

मला ते वाद जिंकल्यासारखं वाटलं.

आता तो दिवस. मे महिना होता. अजिंठ्याला टँकरच्या प्रश्नावर सकाळी सभा होती. सभा संपल्यावर, उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे मागं टाकून आपण तिघं निघालो, तुम्ही, सुमनताई आणि मी. फुलंब्री मागं पडल्यावर तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि म्हणालात, "तू चालव." तुमच्या हयातीत तुम्ही स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. तिथंच मला कळायला हवं होतं. मी विचारलं, काय होतंय? तुम्ही म्हणालात, "पित्त झालंय. सभेतली भजी लई तिखट होती." मागच्या सीटवर खिडकीशी बसलात. सुमनताई शेजारी. मला मनातून आनंद झाला होता, चाचांनी गाडी दिली म्हणून. हेही लिहायला हवं.

हर्सूलच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना नांगरून तापत ठेवलेली रानं होती तिथं, पुढचं डावं चाक बसलं. बाराचा सुमार. आमच्याकडं म्हातारी माणसं रात्रीपेक्षा त्या वेळेला जास्त भितात. भर बाराला विहिरीवर जाऊ नये, एकट्या झाडाखाली थांबू नये, कुणी मागून हाक मारली तर वळून पाहू नये. मी अशा गोष्टींविरुद्ध पत्रकं लिहिली आहेत. पण त्या दिवशी त्या रस्त्यावर एक पाखरू नव्हतं. डांबर पाण्यासारखं हलत होतं. आमच्यामागून येताना दिसलेला ट्रक त्या हलत्या पाण्यातून बाहेर आलाच नाही, कुठल्या तरी फाट्यावर वळला असेल.

सुमनताई तुम्हाला वारा घालत बसल्या, मी सीटखालून सळई काढली आणि गाडीच्या मागं गेले. समोर माझंच अक्षर. वाचा. पुढं द्या.

भोक मागं होतं. मला ते माहीत होतं, आणि त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

मी खरंच बराच वेळ नुसती उभी राहिले. मग पाना घेऊन रिबिटा उचकटायला लागले. चार रिबिटा. मी मारलेल्या. पक्क्या. पाना सटकून तळहात फाटला. पत्रा इतका तापला होता की ओढणी गुंडाळून धरावा लागत होता. दोन रिबिटा निघाल्या, दोन निघेनात. तेव्हा तुमचा आवाज आला.

मागच्या काचेच्या आतून. थोडा दबलेला, पण तुमचा.

"वाकव. अक्षर कुठं जात नाही."

मी सुटलेल्या बाजूनं पत्रा दोन्ही हातांनी धरून वाकवला. "वाचा" दुमडलं. भोक दिसलं.

"आता सळई. जोर नक्को. आत ती स्वतः वाट बघत बसलेली आहे."

सळई आत गेली, कशाला तरी लागली, घसरली. पुन्हा. पुन्हा. मग टोक बसलं. एवढ्या उन्हात माझ्या हातातलं ते लोखंड गार होतं. सीटखाली सावलीत होतं म्हणून असेल. मी त्यावर फार विचार करत नाही, फक्त तळव्याला झालेली जखम त्या गारव्यानं शांत वाटली हे आठवतं.

"डाव्या अंगानं फिरव. उन्नीस फेरे. उन्नीसला टेकते."

"हो चाचा," मी म्हणाले. "फिरवते."

तुम्ही मोजायला लागलात. एक. दो. तीन. घाई नाही, थांबणं नाही. सहाला साखळी अडकली, तुम्ही "रुक" म्हणालात, मग "जरा मागं घे, आता पुढं", आणि ती सुटली. बाराला माझे हात थकून थांबले, तुम्ही म्हणालात, "कायकू थांबलीस? प्रतिष्ठा आहे ना श्रमाला?" मी हसले. एकटी, रस्त्यावर, हात रक्तानं चिकट झालेले, आणि मी हसत होते. अठारा. उन्नीस.

"बस. टेकली."

खाली चाकानं धुळीत बूड टेकल्याचा आवाज झाला. त्याच क्षणी गाडी मागून किंचित वर उचलली गेली. माणूस गाडीतून उतरला की ती जशी हलकी होते तशी. मला वाटलं, तुम्ही बघायला खाली उतरलात. मी उठून बाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. दार बंदच होतं.

स्टेपनीचं वजन साखळीवरून गेलं की गाडी थोडी वर येतेच. हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

चाक बदलायला वेळ लागला नाही, जॅक लावायला मला येत होतं. तुम्ही पुन्हा काही बोलला नाहीत आणि मला वाटलं, दमलात. गाडी थांबल्यापासून एकूण पाऊण तास गेला होता. मी स्टेअरिंगवर बसले, गाडी हलली, हर्सूलचा तलाव डाव्या हाताला दिसायला लागला तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "उतरवली ना चाचा शेवटी?"  आरशात पाहिलं. सुमनताई पत्रकांच्या गठ्ठ्यातली चार पत्रकं एकत्र धरून तुम्हाला वारा घालत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झोपलेत गं. मघापासून."

तुमचे डोळे उघडे होते. खिडकीकडं होते, म्हणून ताईंना दिसत नव्हते. आरशातून मला दिसले.

दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, घड्याळ बघितलं आणि सांगितलं की यांना जाऊन तास-सव्वा तास झाला असावा. मी हिशेब लावला. पाऊण तास गाडी उभी होती, वीस-पंचवीस मिनिटं येण्यात गेली. म्हणजे तुम्ही गाडी थांबल्याबरोबर गेलात. मी पहिल्या रिबिटेला पाना लावला तेव्हा.

"नाही," मी म्हणाले. "ते मोजत होते."

सुमनताईंनी माझा हात धरला. "कोण मोजत होतं?"

"चाचा. उन्नीसपर्यंत."

"अगं, ते एक अक्षर बोलले नाहीत. मी शेजारी होते. तूच एकटी बोलत होतीस. हो चाचा, फिरवते चाचा. मधेच हसलीस. मला वाटलं, ऊन लागलं पोरीला."

चाचा, यातून मला बाहेर पडायचा रस्ता सगळ्यांनी दाखवला. डॉक्टरांनी, सुमनताईंनी, बाबांनी. रस्ता सोपा आहे. तुम्ही आधीच गेला होतात, म्हणून पत्र्यामुळं काहीच बिघडलं नाही. मी एका मिनिटात स्टेपनी उतरवली असती तरी तुम्ही नव्हतातच. माझ्यावर ठपका नाही. त्यासाठी मला एवढंच मान्य करायचं आहे की तो आवाज तुमचा नव्हता. उन्हाचा होता, थकव्याचा होता, माझ्या कानातला होता.

आणि आवाज तुमचा होता असं मी धरलं, तर तुम्ही जिवंत होतात. छातीत कळ घेऊन, एका अडाणी पोरीला फेरे मोजून देत. आणि मी च च्या पोटाला भोक पडू दिलं नाही म्हणून तुम्हाला पाऊण तास वाट पाहावी लागली, जेव्हा तुमच्याकडं पाऊण तास नव्हता.

एक तर मी निर्दोष आहे, नाही तर तुम्ही माझ्याशी बोललात. दोन्ही मला मिळत नाही.

मी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही तपासली. लहानपणापासून तुम्ही किती वेळा नव्या माणसांकडून स्टेपनी उतरवून घेतली असेल, आणि मी पुढच्या सीटवर दार उघडं टाकून पुस्तक वाचत बसलेली असेन. उन्नीस हा आकडा कानावर पडला असेल, मनानं ठेवून दिला असेल, गरज पडल्यावर काढून दिला असेल. असू शकतं. मला तो आकडा माहीत होता हे मला आठवत नाही, पण न आठवणं हा पुरावा नव्हे. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. भुतांवर माझा विश्वास नाही.

पण तुमच्या आवाजावर आहे.

तुमच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी गाडी धुवायला काढली. पंक्चरचं चाक दुरुस्तीला काढून ठेवलं, तेच आता स्टेपनी म्हणून टांगायचं होतं, म्हणून साखळी बाहेर ओढली. साखळीला ताजं वंगण होतं. आठ महिने त्या भोकात सळई गेली नव्हती आणि साखळीला ताजं वंगण. पुढं चढवलेल्या स्टेपनीवर खडूनं गेल्या महिन्यात हवा भरल्याची खूण होती, तुमच्या हातची, उभी रेघ आणि खाली टिंब.  पंक्चर काढायला पेट्रोल पंपावर गेले तेव्हा तिथल्या हवेवाल्यानं सांगितलं. पत्रा लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्टेपनी उतरवून उलटी करून टांगली होतीत, हवेचं तोंड जमिनीकडं. आणि दर महिन्याला पंपावर सतरंजी टाकून गाडीखाली आडवे व्हायचात, वंगण लावायचात आणि खालून हवा भरायचात. तो म्हणाला, "मी विचारलं, चाचा, पत्रा काढून टाका ना. तर म्हणले, वो बच्ची का है. वो निकालेगी."

तुम्ही शब्द दिला होतात, पत्र्याला हात लावला नाहीत. पासष्टीच्या वयात सतरंजीवर उताणे पडून माझ्या अक्षराचा मान राखलात, आणि मला एकदाही सांगितलं नाहीत. त्या दिवशी स्टेपनीत हवा होती ती तुमच्यामुळं. साखळी सुटली ती तुमच्यामुळं. मी तुमच्यावर चिडलेही आहे, तेही ऐका. तत्त्व माझं होतं, तर त्याची राखण तुम्ही कशाला केलीत? एकदा तरी ओरडायचं होतंत. दोन थपडा मारून पत्रा उखडायचा होता. माझ्याशी सगळेच गोड वागत आले, त्यातलं तुमचं वागणं सगळ्यात महाग पडलं.

आणखी एक वाद राहिला आहे. सतरा सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या पत्रकावरचा. मी मुक्ती लिहिलं होतं, तुम्ही ते वाचून घडी घातलीत आणि म्हणालात, "आमच्या घरात त्याला पुलिस ॲक्शन म्हणतात. आणि म्हणून झालं की समदे गप बसतात." मग त्या दिवसांतली तुमच्या अब्बांची एक गोष्ट मला सांगितलीत आणि म्हणालात, हे लिहू नको. मी तेव्हा भांडले. लिहिलं नाही तर कळणार कसं? तुम्ही म्हणालात, "तुला कळलं ना. बस." लिहीत नाही, चाचा. पण पुढच्या सप्टेंबरचं पत्रक मी आधीसारखं लिहू शकणार नाही. तुमच्या खात्रीसाठी सांगितलं.

राहिल्या रुकय्याचाची.

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं तेव्हा चाचींनी मला आत बोलावून एकच विचारलं. "आखिर में क्या बोले बेटा?" मी म्हणाले, काही नाही, शांत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्यावर पत्रकं काढणाऱ्या बाईनं घाबरून दिलेलं ते उत्तर. खरं सांगितलं तर त्यांना कळलं असतं की मी किती वेळ लावला. चाचींनी मान हलवली. पण नवरा गाडीत गप मेला, हे त्यांना पटलेलं दिसलं नाही.

काल दुपारी हे सगळं लिहिलेलं घेऊन मी त्यांच्याकडं गेले. छापण्याआधी त्यांनी ऐकलं पाहिजे होतं. चाची लसूण सोलत बसल्या होत्या. मी वाचत गेले. पत्रा, रिबिटा, रक्त, सगळं. एकही वाक्य गाळलं नाही. सळईचं टोक खाचेत बसलं त्या जागी आले तेव्हा लसणाच्या सालींचा आवाज थांबला.

"कितने पे टेकी?" त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं. आकडा मी अजून वाचला नव्हता, मथळाही तेव्हा दिलेला नव्हता.

"उन्नीस."

चाचींनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "बराबर," त्या म्हणाल्या. "शादी के बाद मेरे से भी उतरवाए थे. पुरानी गाडी थी, ये नहीं. उस के पंधरा लगते थे. ये गाडी लाए तब घर आ के बोले, इस के उन्नीस हैं, याद रख." मग त्यांनी विचारलं, "बारा पे मजाक किए क्या?"

मी मान डोलावली.

"हौ. बारा पे हाथ थकते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मतलब बोल रहे थे."

त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलंही नाही. "शांत होते" हे माझं खोटं वाक्य त्यांनी मला परत दिलं एवढंच. उठताना म्हणाल्या, "छाप दे. लेकिन वो पत्रा?"

तो पत्रा गाडीवर परत लावला आहे, चाचा. वाकलेला, तसाच. नटबोल्टनं. आणि च च्या पोटात भोक आहे. मी स्वतः पाडलं. बाबा शेजारी उभे होते, पत्र्याचा पडलेला गोल तुकडा त्यांनी उचलून डबीत ठेवला. काल संध्याकाळी, उजेड होता तोवर, मी सळई घालून स्टेपनी उतरवली. मनात मोजलं. एकोणिसाला टेकली. गाडी मागून किंचित हलकी झाली. या वेळी मी वळून पाहिलं नाही.

आणि वाचणाऱ्या माणसा, आता तू. आमच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक विनंती असते, तुला ती पाठ असेल. या कागदापुरती ती मागं घेते. हा पुढं देऊ नकोस. खाली ठेव, उजेड असेपर्यंत तुझ्या गाडीच्या मागं जा, सळई कुठं जाते ते शोध, आणि स्टेपनी उतरव. मोठ्यानं मोजत उतरव. गाडीत तुझ्याबरोबर जो कुणी बसत असेल त्याला शेजारी उभा कर, आकडा त्याच्या कानावर पडू दे, आणि मग सळई त्याच्या हातात दे.